नेत्ररुग्णांचे भय हरणारे वैद्य : धन्यवादित लास्लो बॉत्यानी-श्ट्राटमान

शस्त्रक्रिया म्हटली की कोणाच्याही पोटात गोळा येतो. त्यातही ती डोळ्याची असेल तर धीट माणसाचेही मन कचरते. हातापायाची शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णाला निदान दुसरीकडे तोंड फिरवता येते. डोळ्याच्या बाबतीत तीही सोय नाही. ज्याने पाहायचे त्या डोळ्यावरच शस्त्र चालणार असते आणि रुग्ण बहुधा पूर्ण जागा असतो.

आमच्या धर्मग्रामांतील कितीतरी वडीलधारी माणसे मोतीबिंदू पिकला तरी शस्त्रक्रिया पुढे ढकलत राहतात. त्यामागे प्रत्येक वेळी पैशाचीच अडचण असते असे नाही. पुष्कळदा मनातली भीती हेच खरे कारण असते. मात्र ती घरच्यांपाशी बोलून दाखवली जात नाही. पावसाळा सरू दे, नातीचे लग्न होऊ दे, नाताळ पार पडू दे, अशी कारणे सांगत ही माणसे दिवस काढतात. तोवर प्रार्थनापुस्तकातील अक्षरे पुसट होत जातात, वेदीवरचा धर्मगुरू ओळखू येईनासा होतो आणि घराचा उंबरठाही परका वाटू लागतो.

या भीतीवर उपाय आहे काय? ख्रिस्तसभेने ज्यांना धन्यवादितांच्या पंक्तीत बसवले अशा एका नेत्रवैद्याने आपल्या जीवनाने या प्रश्नाचे उत्तर देऊन ठेवले आहे. ते हंगेरीतील एका मोठ्या उमराव घराण्यात जन्मले, पुढे 'प्रिन्स' ही पदवी त्यांच्याकडे आली, परंतु लोकांनी त्यांना ओळखले ते गरिबांचे डॉक्टर म्हणून. धन्यवादित लास्लो बॉत्यानी-श्ट्राटमान हे त्यांचे नाव. त्यांच्या जीवनाची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

बालपण आणि शिक्षण

लास्लो यांचा जन्म २८ ऑक्टोबर १८७० रोजी हंगेरीतील दुनाकिलिती या गावी झाला. त्या काळी हंगेरी हा ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याचा भाग होता. दहा भावंडांमध्ये त्यांचा क्रमांक सहावा. बॉत्यानी हे हंगेरीच्या इतिहासातील अत्यंत जुने आणि मातब्बर घराणे. जमीनजुमला, वाडे, नोकरचाकर यांची त्यांच्या घरी वाण नव्हती. डॅन्यूब नदीच्या पुराचा धोका असल्यामुळे १८७६ मध्ये हे कुटुंब कित्से या गावी राहावयास गेले. हे गाव आज ऑस्ट्रियात आहे.

लास्लो १२ वर्षांचे असताना त्यांची आई मरण पावली. त्या कोवळ्या वयात आलेल्या पोरकेपणाने त्यांच्या मनावर खोल ठसा उमटवला. आपण मोठेपणी डॉक्टर होऊ आणि गरिबांवर फुकट उपचार करू, असे ते लहानपणीच म्हणत असत. वडिलांचा विचार मात्र निराळा होता. मुलाने घरची जमीन आणि मालमत्ता सांभाळावी, असे त्यांना वाटे. म्हणून लास्लो यांना व्हिएन्ना विद्यापीठात शेतीशास्त्राचा अभ्यास करण्यासाठी पाठवण्यात आले. तेथे त्यांनी रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, तत्त्वज्ञान, साहित्य आणि संगीत या विषयांचेही अध्ययन केले. अखेर बालपणीच्या ओढीने त्यांना योग्य वाटेवर आणले. १८९६ मध्ये, वयाच्या पंचविशीत, त्यांनी वैद्यकशास्त्राच्या अभ्यासाला प्रारंभ केला आणि १९०० मध्ये ते डॉक्टर झाले.

दरम्यान १० नोव्हेंबर १८९८ रोजी त्यांचा विवाह मारिया थेरेसिया कोरेथ या सुशील व धर्मनिष्ठ तरुणीशी झाला. परमेश्वराने या दांपत्याला १३ अपत्ये दिली.

वेदना गेली, भीती राहिली

डॉ. लास्लो यांनी ज्या व्हिएन्ना शहरात वैद्यकीय शिक्षण घेतले, त्या शहराचे नेत्रचिकित्सेच्या इतिहासात मोठे स्थान आहे. ते समजल्याशिवाय त्यांच्या कार्याचे मोल ध्यानात येणार नाही.

मोतीबिंदूवर इलाज करण्याची धडपड फार प्राचीन आहे. आपल्याकडे सुश्रुताच्या ग्रंथात त्याचे वर्णन आढळते. सुईसारख्या शस्त्राने गढूळ झालेले भिंग बाजूला सारावयाचे, अशी ती जुनी रीत होती. पुढे १७४७ मध्ये जॅक दाव्हिएल या फ्रेंच वैद्याने ते भिंग डोळ्यातून बाहेर काढण्याची पद्धत सुरू केली. तथापि वेदनेचे काय, हा प्रश्न उरलाच होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ईथर आणि क्लोरोफॉर्म ही गुंगीची द्रव्ये आली. परंतु ती घेतल्यावर रुग्णाला ओकाऱ्या होत आणि त्या जोराने नुकताच कापलेला डोळा बिघडण्याचा धोका असे. त्यामुळे अनेक नेत्ररुग्णांना भूल न देताच, सहायकांनी धरून ठेवून, शस्त्रक्रिया कराव्या लागत.

हे चित्र १८८४ मध्ये पालटले. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयातील कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने कोकेनच्या द्रावणाचे थेंब डोळ्यात घातले असता डोळ्याचा पृष्ठभाग बधिर होतो, हे दाखवून दिले. प्रथम प्राण्यांवर आणि मग स्वतःच्या डोळ्यावर त्यांनी हा प्रयोग केला. त्या वर्षीच्या १५ सप्टेंबर रोजी जर्मनीतील हायडेलबर्ग येथे भरलेल्या नेत्रवैद्यांच्या परिषदेत त्यांचा शोध जाहीर झाला. प्रवासखर्च परवडत नसल्यामुळे कोलर स्वतः तेथे जाऊ शकले नाहीत. त्यांचा निबंध दुसऱ्या डॉक्टरने सादर केला. थोड्याच महिन्यांत हा उपाय जगभर पोहोचला.

या शोधाने नेत्ररुग्णाची वेदना हरण केली. भीती मात्र त्या थेंबांनी बधिर होत नव्हती. उलट आता रुग्ण पूर्ण शुद्धीवर असे. डॉक्टरांचे शब्द, उपकरणांचा खणखणाट, आपल्या डोळ्याजवळ येणारा हात, हे सर्व त्याला जाणवत असे. त्या काळी या भीतीचे परिणामही गंभीर होत. डोळ्याला मोठी चीर द्यावी लागे आणि ती टाके न घालताच अनेकदा आपोआप जुळू दिली जाई. अशा क्षणी रुग्णाने घाबरून पापण्या घट्ट मिटल्या, मान हलवली किंवा श्वास रोखून जोर केला, तर डोळ्यातील द्रव बाहेर येऊन दृष्टी कायमची जाण्याची शक्यता असे. पापण्यांचे स्नायू काही वेळ शिथिल करणारे इंजेक्शन वान लिंट या वैद्याने १९१४ मध्ये प्रचारात आणले. तोवर तर रुग्णाच्या मनःशांतीवरच बरेच काही अवलंबून होते. शस्त्रक्रियेनंतरही सुटका नसे. डोळ्यांवर पट्टी बांधून, डोके न हलवता, कित्येक दिवस अंधारात पडून राहावे लागे.

म्हणजे रुग्णाचे मन शांत करणे हा त्या काळी केवळ सौजन्याचा भाग नव्हता. तो उपचाराचाच भाग होता. डॉ. लास्लो यांनी जे क्षेत्र निवडले ते असे होते.

कित्सेचे रुग्णालय

१९०२ मध्ये डॉ. लास्लो यांनी कित्से येथे स्वतःच्या पैशांतून २५ खाटांचे रुग्णालय उघडले. आरंभी ते सर्वच रोगांवर उपचार करीत. पुढे त्यांनी शस्त्रक्रियेत आणि विशेषतः नेत्रचिकित्सेत प्रावीण्य मिळवले. त्यांचा लौकिक इतका वाढला की दूरदूरच्या खेड्यांतून शेतकरी, मजूर आणि म्हातारीकोतारी माणसे त्यांच्या दाराशी येऊ लागली. पत्नी मारिया थेरेसिया याही त्यांच्या सेवाकार्यात सहभागी झाल्या.

आपण क्षणभर त्या रुग्णाच्या जागी उभे राहून पाहू या. तो जन्मभर शेतात राबलेला आहे. मोठ्या दवाखान्याची पायरी त्याने कधी चढलेली नाही. दृष्टी जवळजवळ गेलेली आहे. आणि आता ज्यांच्यासमोर आदबीने टोपी काढावयाची, अशा उमरावाच्या हाती त्याला आपला डोळा द्यावयाचा आहे. त्याच्या मनात तीन भये एकत्र दाटलेली असणार : दुखेल काय, उरलीसुरली दृष्टीही जाईल काय, आणि पैसे कोठून आणावयाचे?

डॉ. लास्लो यांनी या तिन्ही भयांना हात घातला.

पैशाचे भय त्यांनी मुळातूनच काढून टाकले. गरिबांकडून ते शुल्क घेत नसत. रुग्णाने आपल्यासाठी 'आमच्या बापा' ही प्रभूने शिकवलेली प्रार्थना म्हणावी, एवढीच त्यांची मागणी असे. पुढे क्योरमेंड येथे असताना त्यांनी लिहून दिलेली औषधेही गोरगरिबांना तेथील औषधालयातून विनामूल्य मिळत. इतकेच नव्हे, तर नड असलेल्या रुग्णाच्या हाती ते स्वतःच काही पैसे ठेवत. या मागणीत एक सूक्ष्म गोष्ट दडलेली आहे, असे आम्हाला वाटते. फुकट घेणाऱ्याला ओशाळे वाटते. प्रार्थनेच्या रूपाने का होईना, आपण डॉक्टरांना काही दिले, ही जाणीव गरिबाची मान ताठ ठेवते. जो रुग्ण डॉक्टरसाठी प्रार्थना करतो, त्याला त्या डॉक्टरची भीती कशी वाटावी?

दृष्टी जाण्याच्या भयावर त्यांनी आपल्या कौशल्याने आणि श्रद्धेने मात केली. शस्त्रक्रियेला हात घालण्यापूर्वी ते रुग्णासह प्रार्थना करीत आणि परमेश्वराचा आशीर्वाद मागत. रोग बरा करणारा परमेश्वर आहे, आपण केवळ त्याच्या हातातील साधन आहोत, अशी त्यांची दृढ धारणा होती. ही धारणा त्यांनी कौशल्याला पर्याय म्हणून वापरली नाही. त्यांनी रीतसर शिक्षण घेतले होते, वर्षानुवर्षे हात कसलेला होता आणि वैद्यकशास्त्राचे नियम ते काटेकोरपणे पाळत. प्रार्थना आणि शास्त्र यांच्यात त्यांना कधी भांडण दिसले नाही.

उरले ते वेदनेचे आणि अज्ञाताचे भय. कोकेनचे थेंब वेदना थांबवत. अज्ञाताचे भय मात्र केवळ माणसाच्या सान्निध्याने जाते. ज्याच्या हाती शस्त्र आहे, तोच आपल्याबरोबर देवापुढे नम्र होऊन उभा आहे, हे पाहिल्यावर रुग्णाला किती धीर येत असेल! त्या क्षणी उमराव आणि शेतकरी हा भेद गळून पडे. दोघेही एकाच पित्याची लेकरे होत.

घर हीच पहिली पाठशाळा

रुग्णाशी असे वागणे एका दिवसात साधत नाही. त्याची मुळे डॉ. लास्लो यांच्या घरच्या जीवनात होती. हे कुटुंब दररोज पवित्र मिस्सात सहभागी होत असे. मिस्सानंतर डॉ. लास्लो मुलांना धर्मशिक्षण देत आणि त्या दिवसासाठी प्रत्येकाला प्रेमाचे एकेक कृत्य नेमून देत. सायंकाळी सर्वांनी मिळून रोझरी म्हटल्यावर दिवसाचा हिशेब घेतला जाई : नेमलेले कृत्य झाले की नाही, कोठे उणे पडले?

आमच्या वसईतील आणि अन्य ठिकाणच्या जुन्या ख्रिस्ती घरांतही सायंकाळच्या प्रार्थनेची प्रथा होती. अनेक घरांत ती आजही टिकून आहे. बॉत्यानी कुटुंबाकडून शिकण्यासारखी गोष्ट ही, की तेथे प्रार्थनेला कृतीची जोड होती. आज कोणाला धीर दिला, कोणाची विचारपूस केली, याचा जाब प्रत्येकाला स्वतःलाच द्यावा लागे. अशा घरात वाढणाऱ्या मुलांना दुसऱ्याचे भय ओळखण्याची सवय आपोआप लागते.

युद्ध आणि स्थलांतर

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. जखमी सैनिकांचे लोंढे येऊ लागले, तेव्हा कित्सेच्या रुग्णालयातील खाटांची संख्या वाढवून १२० करण्यात आली. घरापासून दूर, अंगावर जखमा घेऊन पडलेल्या त्या जवानांची सेवा डॉ. लास्लो यांनी मनोभावे केली.

१९१५ मध्ये त्यांचे चुलते ॲडॉन बॉत्यानी-श्ट्राटमान यांचे निधन झाले. त्यांच्या मागे क्योरमेंड येथील किल्लेवजा राजवाडा, 'प्रिन्स' ही पदवी आणि 'श्ट्राटमान' हे जोडनाव डॉ. लास्लो यांच्याकडे आले. मान वाढला, संपत्ती वाढली. दिनक्रम मात्र बदलला नाही.

युद्धात ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्य कोसळले. १९२० च्या त्रियानो तहाने हंगेरीचा बराच मोठा प्रदेश तुटला आणि पश्चिमेकडील एक पट्टा ऑस्ट्रियाकडे गेला. त्यात कित्सेही होते. १९२० मध्ये डॉ. लास्लो सहकुटुंब क्योरमेंडच्या राजवाड्यात राहावयास आले. त्या राजवाड्याचा एक भाग त्यांनी रुग्णालयासाठी मोकळा केला. तेथे प्रामुख्याने नेत्ररोगांवर उपचार होऊ लागले. ज्या इमारतीत पूर्वी उमरावांच्या मेजवान्या झडत, तेथे आता दृष्टी अधू झालेली माणसे काठी टेकत येऊ लागली. नेत्रवैद्य म्हणून त्यांची कीर्ती हंगेरीच्या सीमेबाहेरही पसरली.

पट्टी सुटल्यानंतर

नेत्ररुग्णाच्या जीवनातील सर्वांत उत्कट क्षण म्हणजे पट्टी सुटण्याचा. तो क्षण आनंदाचा असतो, तसाच धाकधुकीचाही. त्या काळी भिंग काढल्यावर कृत्रिम भिंग बसवण्याची सोय नव्हती. तो शोध हॅरॉल्ड रिडली या इंग्रज नेत्रवैद्याने १९४९ मध्ये लावला. त्यामुळे रुग्णाला जाड भिंगांचा चष्मा घालावा लागे आणि नव्याने दिसणाऱ्या जगाशी जुळवून घ्यावे लागे. म्हणजे रुग्णालयातून बाहेर पडतानाही त्याला धीराची गरज असे.

घरी जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाला डॉ. लास्लो आपल्याकडून एक पवित्र चित्र आणि एक छोटी पुस्तिका भेट देत. तिचे नाव होते 'डोळे उघड आणि पाहा'. देहाचे डोळे बरे झालेल्या माणसाने आत्म्याचे डोळेही उघडावेत, आपल्या जीवनातील परमेश्वराचे अस्तित्व ओळखावे, हा त्यामागील हेतू. ज्याला नुकतेच दिसू लागले आहे, त्याच्या हाती वाचण्यासाठी काही ठेवणे, ही कल्पनाच किती हृद्य आहे! गेलेली अक्षरे परत आली, याची खूण म्हणूनही कित्येकांनी ती पुस्तिका उघडली असेल.

त्यांच्याकडे उपचार घेतलेले लोक आणि त्यांचे आप्तस्वकीय त्यांच्या हयातीतच त्यांना संत मानू लागले होते.

वैद्यच रुग्ण झाला

इतरांना धीर देणाऱ्या माणसाची खरी कसोटी त्याच्या स्वतःच्या संकटात लागते. डॉ. लास्लो यांच्यावर असे प्रसंग दोनदा आले.

पहिला प्रसंग १९२१ चा. त्यांचा थोरला मुलगा ॲडॉन अवघ्या २१ व्या वर्षी अपेंडिक्सच्या विकाराने मरण पावला. ज्या पित्याने हजारो परक्यांची सेवा केली, त्याला आपल्या मुलाला वाचवता आले नाही. एखादा डॉक्टर या आघाताने कडवट झाला असता. डॉ. लास्लो यांनी हे दुःख परमेश्वराच्या चरणी वाहिले आणि ते पुन्हा रुग्णांकडे वळले.

दुसरा प्रसंग त्यांच्या स्वतःच्या आजारपणाचा. वयाच्या साठीत त्यांना मूत्राशयाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. व्हिएन्नातील लोव्ह सॅनेटोरियममध्ये त्यांना दाखल करण्यात आले. शस्त्र हाती धरणारा माणूस आता स्वतः खाटेवर होता. जी वेदना, जे परावलंबन, जे भय त्यांनी आयुष्यभर इतरांच्या डोळ्यांत पाहिले होते, ते आता त्यांच्या वाट्याला आले. हा भोग १४ महिने चालला. त्या काळातही ते परमेश्वराच्या चांगुलपणाविषयीच बोलत राहिले. आपल्या दुखण्यातही देव चांगला आहे, हे साऱ्या जगाला ओरडून सांगावे, अशी उत्कट इच्छा त्यांनी व्यक्त केली होती.

२२ जानेवारी १९३१ रोजी व्हिएन्ना येथे त्यांनी देह ठेवला. ऑस्ट्रियातील ग्युसिंग येथे कुटुंबाच्या दफनस्थानी त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

त्यांना धन्यवादित घोषित करण्याच्या प्रक्रियेला १९४४ मध्ये आरंभ झाला. युद्ध आणि त्यानंतरच्या साम्यवादी राजवटीच्या काळात हे काम दीर्घकाळ रेंगाळले. १९९२ मध्ये त्यांचे सद्गुण वीरोचित असल्याचे ख्रिस्तसभेने मान्य केले आणि २३ मार्च २००३ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोम येथे त्यांना धन्यवादित म्हणून घोषित केले. २२ जानेवारी हा त्यांचा स्मृतिदिन पाळला जातो. ते पती होते, पिता होते, डॉक्टर होते. मठात न जाता, संसारात राहून आणि आपला व्यवसाय करूनच प्रापंचिकालाही पावित्र्य गाठता येते, याचे ते ठळक उदाहरण आहेत.

आजच्या काळात त्यांचा वारसा

डॉ. लास्लो यांच्या निधनानंतर नेत्रशस्त्रक्रिया आमूलाग्र बदलली. १९६७ मध्ये चार्ल्स केलमन या अमेरिकन नेत्रवैद्याने ध्वनिलहरींच्या साहाय्याने मोतीबिंदू फोडून लहानशा छिद्रातून शोषून घेण्याची पद्धत शोधली. कोकेनची जागा अधिक सुरक्षित औषधांनी घेतली. आज मोतीबिंदूची साधी शस्त्रक्रिया थोड्याच वेळात उरकते आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. तरीही एक गोष्ट बदललेली नाही : रुग्ण जागाच असतो आणि त्याच्या मनात भीतीही असतेच.

ही भीती क्षुल्लक समजून चालत नाही. भीतीने रक्तदाब वाढतो, नाडीचे ठोके जलद पडतात, रुग्ण अस्वस्थ होऊन हालचाल करतो आणि शस्त्रक्रिया अवघड होते. म्हणून या विषयावर संशोधनही झाले आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी कोणी रुग्णाचा हात हाती धरून ठेवला तर त्याची चिंता कमी होते, असे दक्षिण कोरियातील संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसून आले. शस्त्रक्रिया चालू असताना त्या डोळ्याला प्रकाश, रंग किंवा हलत्या आकृत्या दिसू शकतात आणि ठाऊक नसल्यास काही रुग्ण त्यामुळे घाबरतात. परंतु ही कल्पना आधी दिलेली असेल तर भय कमी होते, याकडे सिंगापूरच्या नेत्रतज्ज्ञांनी लक्ष वेधले आहे. सौम्य संगीताचाही उपयोग होतो, असे अनेक ठिकाणी आढळले आहे.

आधी समजावून सांगणे, जवळ असणे, हात धरणे : विज्ञानाने मोजून सिद्ध केलेल्या या गोष्टी ऐकल्या की आम्हाला संत मार्कच्या शुभवर्तमानातील बेथसैदाचा आंधळा आठवतो. प्रभू येशूने त्याला गर्दीतच उभे करून बरे केले नाही. प्रथम त्याचा हात धरला. त्याला गावाबाहेर शांत जागी नेले. त्याच्या डोळ्यांना स्पर्श केला आणि काही दिसते काय, अशी विचारपूस केली. त्याला अंधुक दिसत होते, म्हणून पुन्हा स्पर्श केला. या प्रसंगी प्रभूने कसलीही घाई केली नाही. डॉ. लास्लो यांनी आपल्या रुग्णालयात याच पावलांवर पाऊल टाकले.

आपण काय करू शकतो?

आपल्यापैकी फारच थोडे जण डॉक्टर किंवा परिचारिका आहेत. जे आहेत, त्यांच्यासाठी डॉ. लास्लो यांचे जीवन आरशासारखे आहे. दिवसाकाठी अनेक शस्त्रक्रिया करणाऱ्याला ती रोजची गोष्ट वाटते. रुग्णासाठी मात्र ती आयुष्यातील एकमेव असते. आता थंड पाणी लागेल, आता उजेड दिसेल, आता थोडा दाब जाणवेल, असे दोन शब्द बोलण्यास वेळ लागत नाही, आणि आच्छादनाखाली झाकलेल्या माणसाला तेच शब्द आधार देतात.

परंतु हे काम केवळ रुग्णालयाचे नाही. घरातील वडील माणूस शस्त्रक्रियेचे नाव काढताच विषय बदलत असेल, तर त्याला भित्रा म्हणून हिणवू नये. नेमके कशाचे भय वाटते, हे शांतपणे विचारावे. दुखेल का, खोकला आला तर काय, डोळा उघडा कसा ठेवावयाचा, लघवीला लागली तर काय, असे त्याचे प्रश्न अगदी साधे असतात आणि डॉक्टरांना आधी विचारले तर त्यांची उत्तरे मिळतात. ऐकू कमी येत असेल, सरळ झोपता येत नसेल, धाप लागत असेल किंवा नेहमीची औषधे चालू असतील, तर तेही डॉक्टरांना न विसरता सांगावे. ज्याची शस्त्रक्रिया पार पडली आहे अशा शेजाऱ्याला भेटवून द्यावे. अनुभवी माणसाचा एक शब्द दहा उपदेशांपेक्षा अधिक धीर देतो. ज्यांची मुले परदेशी आहेत किंवा जे एकटेच राहतात, अशांच्या सोबतीला धर्मग्रामातील कोणी गेले, आणि पुढचे काही दिवस डोळ्यात थेंब घालण्याची आठवण ठेवली, तर ती डॉ. लास्लो यांच्या मुलांना नेमून दिलेल्या प्रेमकृत्यांसारखीच एक सेवा ठरेल.

आणि प्रार्थनाही अवश्य करावी. शस्त्रक्रिया टाळण्याचे निमित्त म्हणून नव्हे, तर तिला धैर्याने सामोरे जाता यावे म्हणून. रुग्णाने स्वतःसाठी करावी, तशीच डॉक्टरांसाठीही करावी. डॉ. लास्लो यांचे शुल्क तेवढेच होते.

नेत्ररुग्णांची पाठराखीण संत लुसिया हिचा सण १३ डिसेंबरला येतो, तर धन्यवादित लास्लो यांचा स्मृतिदिन २२ जानेवारीला. या दोन दिवसांच्या मध्ये नाताळ, म्हणजे प्रकाशाचा सण येतो. त्या काळात ज्यांच्या घरी कोणाची दृष्टी मंदावली आहे, त्यांनी त्या वडीलधाऱ्यांपाशी थोडा वेळ बसावे, त्यांचा हात हाती घ्यावा आणि न बोललेली भीती बोलती करावी, अशी आमची सर्व धर्मग्रामस्थांना नम्र विनंती आहे. धन्यवादित लास्लो यांच्या मध्यस्थीने परमेश्वर आपल्या सर्व नेत्ररुग्णांना धैर्य, त्यांच्या डॉक्टरांना स्थिर हात आणि आपणा सर्वांना दुसऱ्याचे भय ओळखणारी दृष्टी देवो.